तिसरी पिन



विजेला स्वतःचा एक स्वर असतो. कीर्तन उभे राहण्याआधीची वेळ आठवा. विणेकरी गळ्यात वीणा घालून तयार असतात, टाळकरी अजून ओळी धरत असतात, पखवाजवाला डाव्या पुडीवर कणीक थापत असतो. कोणी काहीच वाजवलेले नसते, आणि तरीही स्पीकरमधून 'हूं' असा एक नाद अखंड येत असतो. श्रोत्यांना तो ऐकू येऊनही जाणवत नाही. पण ज्याला आता पेटीवरून स्वर धरायचा आहे, त्याच्या कानात तो कुसळासारखा टोचतो. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. ते हेलकावे स्पीकरच्या पडद्यापर्यंत पोचले की त्यांचा नाद होतो. हल्लीच्या पेट्या ज्या मापाने लावतात, त्या मापात हा नाद पांढरी पाचच्या किंचित वर, पण फार खालच्या सप्तकात बसतो. अमेरिकेत वीज 60 हेलकाव्यांची आहे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या भजनात हाच नाद काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध, पेटीच्या कोणत्याच पट्टीवर नसलेला असा येत असणार. बेसूरपणातही देशपरत्वे फरक आहे म्हणायचा!

आपण म्हणाल, "महाराज, कीर्तन सुटले म्हणून वायरमनकी धरली की काय?" तसे नाही. गुडघे साथ देत नाहीत म्हणून मी आता उभा राहत नाही, मंडपात शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसतो. पन्नास वर्षे जे पुढून ऐकले ते आता मागून ऐकतो, आणि मागे काय पोचते व काय पोचत नाही हे मला आता नीट कळते. भोंग्यातून पखवाज आला की त्याची शाईची बाजू तेवढी पोचते, टिणटिण. डाव्या पुडीचा घुमारा वाटेतच राहतो. पत्र्याचा डबा बडवावा तसा पखवाज ऐकू येतो. म्हणून गावच्या पोरांनी सप्ताहासाठी एक जुना सबवूफर आणला, तेव्हा जुन्या मंडळींनी नाके मुरडली तरी मी मुरडले नाही.

बॉक्स एका लग्नातल्या डीजेवाल्याकडचा. त्याने धंदा आटोपता घेतला आणि सामान मोडीत काढले. बारा इंची स्पीकर, आणि अँप्लिफायर पाठीलाच पत्र्याच्या पाटीवर बसवलेला. म्हणजे वीज लावायची, मिक्सरची केबल जोडायची, झाले. वर्गणी रोजगारावर जाणाऱ्या घरांतूनही आली होती. टेम्पोतून उतरवून सभामंडपात ठेवला, वीज लावली, आणि दिवाच लागेना. 'जसा आहे तसा' या बोलीवर घेतलेला, त्यामुळे परत करण्याचा प्रश्न नव्हता. वीणा उभी राहायला आठ दिवस उरले होते.

आमच्या पखवाजवाल्याचा नातू आयटीआयमधून वायरमन झालेला आहे. त्याच्याजवळ मीटर होते, माझ्याजवळ कान होते. आम्ही दोघांनी बॉक्स पालथा घातला.

दिवा लागत नाही तेव्हा पहिला फ्यूज पाहावा. पाठीवर, वीज घुसते त्या खाचेजवळच त्याची टोपी असते. फ्यूज म्हणजे बोटाच्या पेराएवढी काचेची नळी आणि आत केसासारखी तार. ती तार मधोमध हळूच तुटलेली असेल तर बहुधा ती थकून तुटली. काच आतून काळी-रुपेरी झाली असेल तर आत जोराचा झटका बसला असे समजावे. आमच्या नळीची काच काळी होतीच, शिवाय तिच्यावर बाहेरून तांब्याचे केस गुंडाळलेले होते. कोणीतरी, कोणत्या तरी लग्नात वरात थांबू नये म्हणून, फ्यूजऐवजी वायरीचे तंतू बांधून वेळ मारून नेली होती, आणि पुढे तेही एका बाजूने सुटले होते. पोरगा म्हणाला, "महाराज, दुसरे तंतू बांधू का, पाच मिनिटांचं काम आहे." मी म्हटले, आधी बल्ब आण.

हे बल्बाचे प्रकरण मला जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांकडून माहीत आहे. वस्तू थेट विजेला न जोडता मध्ये 100 वॉटचा साधा, तारेचा बल्ब जोडायचा, म्हणजे सगळा प्रवाह त्या बल्बातून जाऊन मग वस्तूत जातो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि वस्तू वाचते. आत ठीक असेल तर बल्ब क्षणभर चमकतो आणि मंद होतो. एलईडीचा बल्ब या कामाला चालत नाही. त्या छिद्रापाशी छापलेल्या मापाचाच नवा फ्यूज घातला आणि मध्ये बल्ब धरून बटण दाबले. बल्ब चमकला, मंदावला, आणि बॉक्सचा हिरवा दिवा लागला. मग बल्ब काढून थेट जोडला, तरी फ्यूज टिकला.

आणि लगेच तो 'हूं'.

इथे घाई करणारा माणूस केबल बदलत सुटतो, मिक्सरची बटणे फिरवतो, सगळे एकदम हलवतो, आणि आवाज गेला तर कशाने गेला हे त्यालाच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही मिक्सरची केबल काढली. आवाज राहिला. म्हणजे तो बाहेरून येत नव्हता, घरातलाच होता. आवाजाचे बटण शून्यावर नेले. तरी तेवढाच. म्हणजे तो बटणाच्याही पलीकडचा. मग मी पेटी मागवली आणि पांढरी पाच धरली. नाद जुळला, पण 50 चा नव्हे; त्याच्या वरच्या सप्तकातला, 100 चा.

हा फरक कानाने ओळखता येतो, आणि गाणाऱ्याला तर यायलाच हवा. वीज घरात येते ती पुढे-मागे हेलकावणारी. आत तिचे मागचे हेलकावेही उलटवून पुढच्याच दिशेला लावतात, त्यामुळे 50 चे 100 उमाळे होतात. मग हे उमाळे दोन मोठ्या कंडेन्सरमध्ये साठवतात. शेतातल्या हौदासारखे समजा: मोटेचे पाणी खळाळत, थांबत, पुन्हा खळाळत येते, आणि पाटातून मात्र एकसारखे वाहते. मोट आजच्या पिढीने पाहिली नाही, पण माझ्या वाचकांपैकी पुष्कळांनी हाकली असेल. हौद गाळाने भरला तर पाटालाही धक्के बसू लागतात. 100 चा नाद बटणाला दाद देत नसेल, तर हौद पाहावा.

उघडण्यापूर्वी एक सांगतो, कारण ही चूक जीव घेऊ शकते. बंद केलेला अँप्लिफायर मेलेला नसतो. वायर भिंतीतून काढली तरी त्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज भरलेली राहते. काही जण त्यांची दोन टोके पेचकसाने एकमेकांना लावतात, ठिणगी उडते, आणि 'रिकामा झाला' म्हणतात. तसे करू नये. माणूस दचकतो, हात सुटतो, पाटी भाजते. जाड रेझिस्टर दोन टोकांवर इन्सुलेशनच्या चिमट्याने काही क्षण धरावा आणि मीटरने पाहून मगच हात घालावा. ज्याला मीटर वाचता येत नाही त्याने पाटी उघडूच नये, माझ्यासारखे बाजूला बसून ऐकावे.

पाटी काढली. कंडेन्सरचे माथे सपाट असायला हवेत; आमच्या दोन्हींचे पुरीसारखे फुगले होते. तालुक्याहून नवे आणले. त्यावरचा मायक्रोफॅरडचा आकडा जुन्याएवढाच हवा, व्होल्टचा आकडा तेवढा किंवा जास्त चालतो, कमी कदापि नाही. 85 अंशांचे आणि 105 अंशांचे असे दोन प्रकार मिळतात. चार रुपये जास्त पडले तरी 105 चे घ्यावेत, चैत्रातल्या मंडपात ते जास्त दिवस काढतात. त्यांच्या अंगावर एका बाजूला पट्टा असतो ती उणे बाजू. उलटा बसला तर तो फुटतो. पोराने डाग देताना हात जराही हलू दिला नाही. त्याचा आजोबा शाईवर बोट असेच ठेवतो.

पुन्हा सुरू केला. नाद गेला होता. मिक्सर जोडला तरी शांत. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणी चहा सांगितला.

आणि वायर गुंडाळता गुंडाळता तो पोरगा थांबला. वायरीच्या टोकाचा प्लग त्याने माझ्यापुढे धरला. तीन पिनांपैकी वरची जाडी पिन करवतीने कापलेली होती.

माउली, इथून पुढे जे सांगायचे आहे त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. ती जाडी पिन अर्थिंगची. तिच्यातून रोज काही वाहत नाही. ती नसली तरी दिवा लागतो, आवाज येतो, काहीच अडत नाही, म्हणून लोकांना ती फुकटची वाटते. बॉक्सच्या आत कधी एखादी तार सुटून पत्र्याच्या पाटीला लागली, तर वीज त्या पाटीवर येते. पिन असेल तर ती वीज तत्काळ जमिनीकडे धावते, एवढ्या जोराने धावते की फ्यूज उडतो आणि बॉक्स बंद पडतो. पिन आणि फ्यूज ही जोडी आहे. या बॉक्समध्ये पिन कापलेली होती आणि फ्यूजवर तंतू बांधलेले होते. जोडीतले दोघेही गेलेले. अशा वेळी पाटीवर आलेली वीज कुठेच जात नाही. बॉक्स वाजत राहतो आणि पाटी कोणाच्या तरी हाताची वाट पाहत राहते.

आणि तो हात कोणाचा असतो? सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली ठेवत नाहीत. पहाटे तीनच्या पहाऱ्याला एखादे सत्तर वर्षांचे बाबा, अनवाणी, नुकत्याच धुतलेल्या ओल्या फरशीवर उभे असतात, आणि दमले की शेजारच्या बॉक्सला टेकतात. टाळकऱ्यांच्या घामेजल्या हातांत पितळ असते. बॉक्सची पाटी केबलच्या जाळीतून मिक्सरशी जोडलेली असते आणि मिक्सर माईकशी. मिक्सरलाही अर्थ नसेल तर तीच वीज कीर्तनकाराच्या मुठीतल्या नळीपर्यंत येते.

पोराने नवी तीन पिनांची वायर लावली. आणि 'हूं' परत आला. या खेपेला खालच्या सप्तकातला, जाडा, 50 चा.

आता कळले की कोणी पिन का कापली होती. मंडळाची पोरे म्हणाली, "महाराज, मघाशी शांत होता. जुनीच वायर लावा ना. इतकी वर्षं वाजलाच की." एक जण हळूच असेही म्हणाला की माणसे दूर बसतील, बॉक्सला दोरी बांधू. वाईट पोरे नाहीत ती. कानाला त्रास होतो आहे, उपाय हाताशी आहे, आणि धोका दिसत नाही. अशा वेळी शहाणी माणसेही तेच म्हणतात. मी एवढेच म्हटले की या वायरीवर वीणा उभी राहणार असेल तर मी आजच सांगतो, बॉक्स दारात ठेवा. थोडी कुरबूर झाली. मग पोराने कारण शोधायला घेतले.

कारण साधे होते. मिक्सर गाभाऱ्याजवळच्या खांबावरच्या बोर्डात लावलेला, आणि सबवूफर मंडपवाल्याने आणलेल्या दुसऱ्या बोर्डात. दोन बोर्डांचे दोन अर्थ. दोन विहिरींचे पाणी एका पातळीला नसते, तसे हे दोन अर्थही तंतोतंत सारखे नसतात. आणि केबलच्या जाळीने दोन्ही जोडले की त्या फरकाचा बारीक प्रवाह जाळीतून फिरू लागतो. तोच आपण ऐकतो. पिन कापली की फेरा तुटतो आणि आवाज जातो, हे खरे. पण फेरा तोडायच्या सुरक्षित वाटा आहेत. मिक्सर आणि सबवूफर दोन्ही एकाच बोर्डावर घेतले, अर्ध्याहून अधिक आवाज तिथेच मेला. साध्या जॅकच्या केबलऐवजी तीन पिनांची गोल तोंडाची केबल लावली. तिच्या दोन तारांतून एकच आवाज एकदा सुलटा आणि एकदा उलटा जातो. वाटेत दोन्हींना सारखा चिकटलेला कचरा पलीकडच्या टोकाला वजा होतो. उरलेला नाद गेला. खर्च केबलचा, तोही फार नाही.

मग मीच म्हटले, या खांबावरच्या बोर्डाची तिसरी भोके तरी खरी आहेत का पाहा. पोराने होल्डरमधला बल्ब फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख. फेज आणि अर्थमध्ये धरला, तर नुसती लाल तार. भोक होते, मागे वायर होती, पण देवळामागचा अर्थचा खड्डा कित्येक वर्षे कोरडा पडलेला. खणून, कोळसा आणि मीठ घालून, नवी पट्टी पुरून पुन्हा बल्ब धरला तेव्हा दोन्हीकडे सारखा उजेड पडला. त्याच दिवशी बोर्डावर 30 मिलिअँपिअरला तुटणारे सुरक्षा-बटणही बसवले. ही परीक्षा घरी करून पाहू नका, वायरमनकडून करवून घ्या. पण करवून घ्या. नळ, टाक्या, रंग यांच्यासाठी आपल्या देवळांना देणगीदार मिळतात. खड्ड्यासाठी कोणी पाटी लावून देणगी देत नाही.

आता उरलेले थोडक्यात. पखवाजाच्या एका ठरावीक घुमाऱ्यावर बॉक्स 'फर्र' करीत होता. पोराने मोबाइलवरून हळूहळू चढणारा एकच स्वर सोडला आणि मी बॉक्सभर हात दाबत फिरलो. स्पीकरचा पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबून पाहिला, आत घासल्याचा आवाज नव्हता, म्हणजे कॉइल शाबूत. पाठीच्या पाटीवर तळवा ठेवला आणि फर्र थांबले. पाटीखालची स्पंजाची पट्टी वाळून भुगा झाली होती, तिथून वारा निसटत होता. दाराला लावतात तसली चिकट पट्टी लावून स्क्रू समोरासमोरचे असे क्रमाने आवळले. पखवाजाची वादी एका बाजूने ओढत नाहीत, तसेच. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावून पडदा बाहेर येतो की आत जातो हेही पाहून घेतले. तो उलटा जोडला गेला तर वरचे स्पीकर हवा ढकलतात तेव्हा हा ओढतो, आणि दोघे मिळून पखवाज उलट बारीक करतात.

ठेवायचा कुठे, यावर माझे मत ठाम आहे. कोपऱ्यात नाही. दगडी सभामंडपात कोपऱ्यातला बॉक्स घुमतो आणि शब्द खातो. आणि कीर्तनकाराचा माईक त्यात जाऊच द्यायचा नाही, टाळ नाही, वीणा नाही. फक्त पखवाजाच्या डाव्या पुडीचा माईक. शब्द ऐकू येतात ते त्यांतल्या 'क', 'त', 'स' यांच्या धारेने, आणि ती धार फार वर असते. खालचा घुमारा वाढला की निरूपण गोधडीखालून ऐकल्यासारखे होते. माप असे ठेवावे: बॉक्स वाजतो आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये, बंद केला तर मात्र लक्षात यावे. पोरांना हे माप पटत नाही. त्यांना छातीत धडधडले पाहिजे. रात्री दहानंतर तर बटण शून्यावर. कायदाही तेच सांगतो आणि देवळाशेजारच्या बाळंतिणीही.

सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री मी मागे भिंतीला टेकून बसलो होतो. पखवाजवाल्याने डाव्या पुडीवर पहिली थाप दिली आणि ती माझ्यापर्यंत आली, पूर्ण आली, आणि तिच्यामागून महाराजांचा शब्दही आला. शेजारच्या बाबांनी विचारले, "आज पखवाज नवा आहे का?" मी नाही म्हटले.

आता पोरे दुसरा बॉक्स आणायचा म्हणतात, दोन्ही बाजूंना सारखे दिसावे म्हणून. जुनाच, त्याच डीजेवाल्याकडचा. मी अजून हो म्हटलेले नाही. आधी त्याचा प्लग दाखवा, एवढे सांगितले आहे.